शहाण्या गावात पोरांचं घर

चहा पिऊन येतो असं सांगून तो माणूस वॉर्डातून खाली उतरला आणि परत आला नाही. मी तेव्हा लातूरला एका दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर होते. त्याची पुतणी खाटेवर बसून दाराकडं बघत होती. सहा-सात वर्षांची पोर, हातापायांवर फोड, अंगात कुणातरी मोठ्या पोरीचा फ्रॉक. दुपार गेली, संध्याकाळचं जेवण वाटून झालं. तिनं मला एवढंच विचारलं, "सिस्टर, इथं चहाचं हॉटेल लई लांब हाय का?"

"हाय थोडं लांब," मी म्हणाले.

तिच्या केसपेपरवर कुणीतरी लाल शाईनं मोठ्ठी अक्षरं लिहून ठेवली होती. झाडूवाल्यापासून डब्बेवाल्यापर्यंत सगळ्यांना वाचता यावीत अशी. ज्यांना एरवी आपली सही धड करता येत नव्हती, त्यांनीही ती तीन इंग्रजी अक्षरं बरोबर वाचली. दोन दिवसांत तिच्या दोन्ही बाजूंच्या खाटा रिकाम्या झाल्या. मोठे डॉक्टर राऊंडला यायचे आणि तिच्या खाटेच्या पायथ्याशी उभे राहून तिची तब्येत मला विचारायचे. ती समोर होती, बोलत होती, तरी मला विचारायचे.

बारा दिवसांनी माझी सुट्टी होती. पत्त्यावर मुखेडजवळचं गाव लिहिलेलं होतं, म्हणून मी एसटीनं मुखेडला गेले. बाजाराचा दिवस होता. चौकशी करत गेले तर काका बैलबाजारातच सापडला. मला बघून दचकला नाही की शरमला नाही. रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "सिस्टर, मी काय पोरीला सोडून आलो का? लोक पोरं वस्तीगृहात टाकत्यात, मी दवाखान्यात टाकली. तुमी सरकारी मानसं, चांगली काळजी घेताव."

"तिला घरी कधी नेता?"

"मला गावात चार मानसांत बसावं लागतंय, सिस्टर. माझी बी लेकरं हायत."

हळूहळू बाकीचं कळलं. त्याचा भाऊ म्हणजे पोरीचा बाप गवंडी होता. भूकंपानंतर किल्लारीकडं नवी घरं बांधायची कामं निघाली तेव्हा तो तिकडं गेला आणि पाच-सहा वर्षं तिकडंच राहिला. आजार घेऊन परत आला, बायकोला दिला, दोघं एकाच वर्षात गेले. दोन एकर रान मागं राहिलं आणि ही पोरगी. काकानं रान ठेवून घेतलं आणि पोरगी सरकारला दिली. तिचे कपडे मागितले तर काकू म्हणाली, ते जाळून टाकले. गोधडीसकट.

मी परतीच्या गाडीत बसले तेव्हा माझ्या मनात समाजसेवा वगैरे काही नव्हतं. उलट त्या शब्दाचा मला तिटकारा होता, आणि तो मला भूकंपानं शिकवला होता. तेव्हा मी निलंग्याकडच्या एका खेड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. घरं पडल्यावर देशभरातून ट्रक आले. त्यांत उंच टाचेचे सॅन्डल होते, गळ्यात बांधायचे टाय होते, जरीच्या फाटक्या साड्या होत्या. माणसं पुरून आलेल्या बायकांना कुणीतरी लिपस्टिकचा खोका पाठवला होता. काही देणारे स्वतः यायचे. त्यांतल्या एका बाईनं, लेक गेलेल्या एका म्हातारीला भर उन्हात लोकरीचा स्वेटर घालायला लावला, फोटो काढला आणि गाडीत बसून निघून गेली. म्हातारी स्वेटर अंगात तसाच ठेवून बसून राहिली, कारण काढला तर चालतो का हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीच जाऊन काढला. दान करणाऱ्या माणसाकडं मी तेव्हापासून आधी संशयानं बघते, नंतर मग उरलं तर आदरानं.

तरीही त्या पोरीला मी घरी आणलं. तिला अनाथाश्रमात घेत नव्हते. तिथल्या व्यवस्थापकानं रिपोर्टचा कागद दोन बोटांत धरून मला परत दिला होता. माझं लग्न मोडून बरीच वर्षं झाली होती. घरात विचारायला कुणी नव्हतं, हा त्या मोडलेल्या लग्नाचा पहिला फायदा.

आता माझी गोष्ट सांगते, कारण दुसऱ्यांना नावं ठेवायची तर सुरुवात घरातून करावी. मी नर्स. हा आजार ताटावाटीनं पसरत नाही, हे मी स्वतः खेड्यापाड्यांत चित्रं दाखवून लोकांना सांगितलेलं. आणि पोरगी घरी आली त्या दिवशी मी बाजारातून तिच्यासाठी वेगळं ताट, वेगळी वाटी आणि वेगळा पेला आणला. स्टीलचा, चांगला, जाड. मनाला सांगितलं, नवीन वस्तू दिल्यानं पोरीला बरं वाटेल.

शेजारी एक मुसलमान बाई राहायची, सगळी गल्ली तिला आपा म्हणायची. ती क्लासच्या पोरांची खानावळ चालवायची. ती साखर मागायला आली आणि दारातच थांबली. पोरगी कोपऱ्यात त्या नव्या ताटात जेवत होती आणि माझं ताट मोरीजवळ होतं.

"ये ताट अलग का?" आपानं विचारलं.

मी काहीतरी बोलले. नवीन आणलंय, तिला आवडलं, असं काहीतरी.

"सिस्टर, माझ्या बहिणीला टीबी झाली होती. तिलाबी असाच नवा ताट आणला होता घरच्यांनी. लई चांगला होता." एवढं बोलून ती पोरीसमोर खाली बसली आणि तिच्या ताटातली भाकरी तोडून खाल्ली. साखर न घेताच गेली. दुसऱ्या दिवशी ते ताट मी घरातल्या बाकीच्या ताटांत मिसळून टाकलं. पण ही अक्कल मला माझ्या नर्सिंगच्या पुस्तकानं दिली नाही, हे कबूल करायला हवं.

गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. कुणीतरी एक सिस्टर असली पोरं घरी ठेवून घेते, हे डॉक्टरांना कळलं, आणि त्यांची मोठीच सोय झाली. हदगावकडचे बहीणभाऊ आले. बहीण नऊची, भाऊ पाचचा. मग उदगीरकडची एक मुलगी आली. वर्षभरात माझ्या दोन खोल्यांत पाच पोरं झाली आणि घरमालकानं मला खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. त्याला घराला रंग द्यायचा होता. रंग द्यायला त्यानं पुढं सहा वर्षं घेतली.

तेव्हा लातूरमध्ये नवीनच पीक आलं होतं. प्रत्येक गल्लीत क्लास, प्रत्येक घरावर जिना, प्रत्येक जिन्यावर पत्र्याची खोली आणि खोलीत दोन खाटा. सगळ्या मराठवाड्यातून पोरं डॉक्टर-इंजिनिअर व्हायला येत होती. चौकाचौकांत पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. आमचं गाव शहाणं झालं होतं आणि आपण शहाणे झालोय हे विसरू नये म्हणून ते बोर्डावर लिहून ठेवत होतं.

मी घर शोधायला निघाले की पहिला प्रश्न ठरलेला. "पोरं बारावीची का?"

"नाहीत. लहान आहेत. आजारी असतात."

"काय आजार?"

मी खरं सांगायचे. मग कुणाचा भाऊ पुण्याहून राहायला येणार असायचा, कुणाच्या बोअरचं पाणी आटलेलं असायचं. एक निवृत्त प्राध्यापक होते, त्यांनी मला खुर्ची दिली, सरबत दिलं आणि अर्धा तास मला या आजाराची माहिती दिली. ती बरोबरही होती. शेवटी म्हणाले, "माझं वैयक्तिक काहीच म्हणणं नाही. पण वर सीईटीची मुलं राहतात, त्यांच्या पालकांचा विचार करावा लागतो." शिकलेल्या माणसाचा नकार ऐकायला जास्त वेळ लागतो, एवढाच फरक.

सगळीकडून परत आल्यावर आपानं आपल्या खानावळीच्या पुढच्या दोन खोल्या मोकळ्या केल्या. मी म्हटलं, "आपा, तुमच्या धंद्याचं काय?"

"देखेंगे," ती म्हणाली.

बघायला फार दिवस लागले नाहीत. निलंग्याहून एका पोराची आई आली. चांगली साडी, हातात फळांची पिशवी. तिनं आपाला विचारलं, "तुमी ह्याच हातानं त्या पोरांची पण भाजी करता का?"

आपा म्हणाली, "दुसरे हात कुठून आणू, बाई?"

एका क्लासच्या सरांनी वर्गात सांगितलं की खानावळ निवडताना आरोग्याचा विचार करावा. नाव घेतलं नाही, घ्यायची गरज नव्हती. महिन्याभरात आपाच्या पंगतीला चाळीस-पन्नासांऐवजी सात पोरं उरली. ती सात कोण, तर ज्यांना दुसरीकडं परवडत नव्हतं ती. आपानं मोठी पातेली माळ्यावर टाकली. मला एका शब्दानं बोलली नाही. तिला मी कितीदा विचारलं, तुम्ही हे का करता. ती दरवेळी म्हणायची, "काम है, करते. पूछते क्यों बैठे?" तिला मुलाखत देता आली नसती.

संस्था नोंदवायची तर सात माणसांच्या सह्या लागतात. मी शहरातल्या नामवंतांकडं गेले. एक वकील म्हणाले, मी मागून आहे. एक डॉक्टर म्हणाले, मार्गदर्शन करीन. सगळे मागून होते आणि वरून होते, सही करायच्या जागेवर कुणीच नव्हतं. शेवटी मी, आपा, माझ्या वॉर्डातली आयाबाई आणि तिची बहीण, एक ऑटोवाला, आपाकडं जेवणारा एक कम्पाउंडर आणि झेडपी शाळेच्या एक मुख्याध्यापक बाई, असे सात झालो. आयाबाईनं अंगठा दिला. कचेरीतल्या क्लार्कनं कागद बघून विचारलं, "ह्यात प्रतिष्ठित कुणीच न्हाई का?"

मी म्हटलं, "न्हाई, ते सगळे मागून हायत."

मुख्याध्यापक बाईंची ओळख झाली ती शाळेच्या भानगडीतून. मुखेडच्या पोरीला मी आधी एका नावाजलेल्या शाळेत घातलं होतं. चौथ्या दिवशी तिला बोरीखाली वेगळं बसवलं. आठव्या दिवशी हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं की शाळा सगळ्यांची आहे, आणि सगळ्यांची असल्यामुळंच हिला ठेवता येत नाही. तिथून मी तिचा दाखला घेऊन झेडपीच्या शाळेत गेले. या बाई बौद्ध होत्या, साध्या, आवाज मात्र खणखणीत. दाखला बघितला, पोरीला बघितलं आणि वर्गात पाठवलं. आठवड्याभरात पालक आलेच. पंधरा-वीस जण, दोन पुढारी. मी तिथं होते. एक जण म्हणाला, "एकाच माठातलं पाणी पिऊन राहिली पोरं, उद्या काय झालं तर कोण जिम्मेदार?"

बाई खुर्चीतून उठल्या नाहीत. म्हणाल्या, "माझ्या आईला गावात पाण्याला शिवू देत नव्हते. तेव्हाबी लोक असंच म्हणायचे, उद्या काय झालं तर. तुमाला तुमची पोरं न्यायची तर दाखले तयार करून देते. ही पोरगी इथंच बसंल."

दोघांनी पोरं काढली. बाकीचे घरी गेले. त्यांना दुसऱ्या शाळेची फी भरायची नव्हती. तत्त्वाला फी लागली की ते पुष्कळदा असं घरी जातं.

मग आम्हाला मदत सुरू झाली. आपाची खानावळ रिकामी करणारे तेच सर आपल्या वाढदिवसाला आमच्याकडं आले. बरोबर फोटोग्राफर, केळी आणि वह्या. वह्यांच्या पुठ्ठ्यावर सरांचा स्वतःचा फोटो. आपानं पाणी दिलं ते त्यांच्या माणसानं घेतलं आणि खिडकीत ठेवलं. सर भले माणूस, त्यांना गोपनीयतेचा नियम माहीत होता. म्हणाले, "मुलांचे चेहरे येऊ देऊ नका. पाठमोरी उभी करा." पोरांना भिंतीकडं तोंड करून एका ओळीत उभं केलं. सर कॅमेऱ्याकडं बघून हसले आणि पोरांच्या पाठीवर हात ठेवल्यासारखा, पण न टेकवता, धरला.

हदगावचा धाकटा भिंतीकडं बघतच म्हणाला, "सर, आम्ही काय चूक केली?"

त्याला वाटलं, शाळेत करतात तशी शिक्षा आहे. सर म्हणाले, "काही नाही बेटा, हलू नको."

मी तेव्हा काहीच बोलले नाही. वह्या हव्या होत्या. हे मी विसरलेले नाही.

तोच पोरगा पुढच्या उन्हाळ्यानंतर गेला. आजारावरच्या गोळ्या तेव्हा आमच्या हाताला लागत नव्हत्या. महिनाभर जुलाब, ताप, मग काही गिळेना. सकाळी त्यानं आपाच्या मांडीवर प्राण सोडला. हदगावला त्याच्या मामाला फोन केला तर तो म्हणाला, "तुमीच उरकून घ्या. आमी पोचस्तोवर उशीर होईल." आम्ही त्याला पांढऱ्या चादरीत गुंडाळून ऑटोत घेतलं, मी, आपा, त्याची बहीण आणि पुढं ऑटोवाला.

त्या दिवशी निकाल लागला होता. मुख्य रस्त्यावर एका क्लासची मिरवणूक चालली होती. जीपवर हार घातलेली पोरं, पुढं बॅन्ड, गुलाल. ऑटो पुढंही जाईना, मागंही येईना. अर्धा तास आम्ही तसेच थांबलो, आपाच्या मांडीवर ते पोर. एका स्वयंसेवकानं ऑटोत डोकं घातलं आणि म्हणाला, "घ्या मावशी, पेढा घ्या, आपल्या गावाचं नाव झालं." आपाचे हात गुंतलेले होते. त्यानं पेढा पोराच्या बहिणीच्या हातात ठेवला. तिनं तो खाल्ला. दहा वर्षांची होती, सकाळपासून उपाशी होती.

खड्डा खणायला जे दोघं होते, त्यांना चादरीत काय आहे ते कळल्यावर ते बाजूला झाले. ऑटोवाल्यानं आणि मी खणलं. माती देताना आपा तिला येत होतं ते पुटपुटली. मला काही येत नव्हतं. बहिणीनं शाळेतली प्रार्थना म्हटली, ती पूर्ण म्हटली, मधल्या कडव्यासकट.

त्यानंतर गोळ्या आल्या. आधी आम्हाला त्या नांदेडला जाऊन आणाव्या लागायच्या. महिन्यातून एकदा पहाटेच्या एसटीनं सगळी पोरं घेऊन जायचं आणि रांगेत उभं राहायचं. पोरं लागलीच टवटवीत झाली असं नाही. कुणाला उलट्या, कुणाच्या अंगावर पुरळ. पण मरायची थांबली. आणि पोरं मरेनात म्हटल्यावर गावाचा आमच्यातला रस कमी झाला. वाढदिवसांचे पाहुणे घटले. दया करायला किडकिडीत पोर लागतं. दांडगाई करणारी, क्रिकेट खेळून काचा फोडणारी पोरं दयेच्या कामाची नसतात.

मुखेडची पोरगी अठराची झाली त्या वर्षी तिचा काका आमच्या दारात आला. म्हातारा झाला होता, बरोबर बर्फीचा पुडा. पोरगी अंगणात कपडे वाळत घालत होती. तो तिला न ओळखता तिलाच म्हणाला, "आमची पोरगी हितं आसतीय, तिला बोलवा."

"मीच," ती म्हणाली.

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे पुसले. मग मुद्द्यावर आला. त्याच्या नातवाला लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला घालायचं होतं. त्यासाठी ते दोन एकर विकायचे होते, आणि सातबाऱ्यावर बापाच्या मागं हिचं नाव लागलेलं निघालं. सही पाहिजे होती. "तुला तरी काय करायचंय त्या रानाचं, बाई?" तो म्हणाला. "तुझं तर..." आणि थांबला.

"माझं तर काय?"

तो बर्फीच्या पुड्याचा दोरा सोडायला लागला.

"सही येती मला," ती म्हणाली. "झेडपीच्या बाईंनी शिकवली. पण करणार न्हाई. चहा घेणार का?"

त्यानं चहा घेतला नाही. बर्फी मात्र ठेवून गेला. ती पोरांनी संपवली. मी आत उभी राहून हे सगळं ऐकत होते आणि मला जो आनंद झाला तो काही फारसा सात्त्विक नव्हता. पुढं ते रान तिनं एका वाटेकऱ्याला लावलं. सोयाबीन येतं, कधी येत नाही.

ती आता नांदेडला असते. गोळ्यांच्या केंद्रावर नवीन आलेल्या माणसांशी बोलायचं काम करते. गेल्या दिवाळीला आली तेव्हा मी तिच्यापुढं याच सगळ्या माणसांचा उद्धार करत होते. हेडमास्तर, सर, प्राध्यापक. ती शेंगा सोलत म्हणाली, "सिस्टर, तुमी लोकांवर लई चिडताव. माझ्यापुढं रोज तसलीच मानसं येऊन बसत्यात. निम्मी तर नुसती भ्यालेली असत्यात."

"आणि उरलेली निम्मी?"

"ती तुमी म्हनता तशीच हायत," ती म्हणाली. "पन गोळ्या त्यांनाबी द्याव्या लागत्यात."

तिला ते जमतं. मला जमत नाही आणि या वयात जमेल असं वाटत नाही. भ्यालेल्या माणसाची भीती मला समजते. पण त्या भीतीपायी ज्यांनी सहा वर्षांच्या पोराला माती द्यायला हात लावला नाही, त्यांना मी अजून रस्त्यात ओळख देत नाही. ते मला नमस्कार करतात. काही जण अभिमानानं पाहुण्यांना सांगतात, आमच्या गावात असं एक घर आहे.

घरात सध्या एकवीस पोरं आहेत. मी निवृत्त होऊन इथंच राहायला आले. आपाचे गुडघे गेलेत, ती खाटेवर बसून स्वयंपाकघरातल्या बायकांना डाळीत किती पाणी घालायचं त्यावरून बोलत असते. सकाळी आठला गोळ्यांची वेळ असते. उदगीरकडून नवीन आलेला एक पोरगा गोळी गालात धरून ठेवतो आणि नंतर कुंडीत थुंकतो. त्याच्यासमोर मी स्टूल टाकून बसते आणि तो तोंड उघडून जीभ वर करून दाखवेपर्यंत उठत नाही.